परसातल्या पिसांची माशी : गळासाठी नैसर्गिक साहित्यातून नकली माशी कशी बांधावी

मासे पकडायला आमिष म्हणून गळावर बांधायची नकली माशी हातात कशी दिसते याला फारसे महत्त्व नाही. ती पाण्यात काय करते, एवढेच माशाच्या दृष्टीने खरे असते. हे मला एका काचेच्या पेल्याने शिकवले. सुरुवातीच्या दिवसांत मी गावठी कोंबड्याच्या मानेची तांबूस, चकचकीत पिसे लावून एक माशी बांधली होती आणि टेबलावर ती इतकी देखणी दिसत होती की घरातल्या प्रत्येकाला मी ती दाखवून आलो. पेल्यातल्या पाण्यात बुडवल्यावर मात्र तिचे तंतू खराट्याच्या काड्यांसारखे ताठ उभे राहिले. शेजारी कोंबडीच्या मळकट पिसाची एक ओबडधोबड माशी पडली होती; ती त्याच पेल्यात टाकली आणि पेला नुसता बोटाने हलवला, तर तिचे तंतू एखाद्या किड्याने पाय मारावेत तसे मागेपुढे होऊ लागले. तेव्हापासून कोणतेही साहित्य गोळा करण्याआधी मी ते ओले करून पाहतो, आणि या लेखातली बहुतेक सूचना त्या एका सवयीतून आलेली आहे.

या कामाला लागणारा कच्चा माल दुर्मीळ असावा लागतो ही समजूत चुकीची आहे. रोमन लेखक एलियन याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या मच्छीमारांविषयी लिहिताना सांगितले आहे की ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळची, मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवत. लोकर आणि कोंबड्याचे पीस या दोन्ही वस्तू आपल्याकडच्या कोणत्याही धनगरवाड्यात आजही मिळतात. विकत घ्यावा लागतो तो फक्त गळ.

काय उचलावे आणि काय उचलू नये

रानात सापडणारे सगळेच आपले नसते, म्हणून बांधणीच्या आधी हा विषय संपवणे बरे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याखाली आपल्याकडचे जवळजवळ सर्व रानपक्षी आणि बहुतेक सस्तन प्राणी संरक्षित आहेत. त्यामुळे सांबराचे किंवा चितळाचे केस, मुंगसाचे केस, साळिंदराचे काटे, खंड्याची किंवा नीलपंखाची पिसे यांना हात लावू नये, मग ती वाटेवर पडलेली का दिसेनात. परदेशी पुस्तकांत हरणाचे केस आणि रानपक्ष्यांची पिसे सर्रास वापरलेली दिसतात. ती कृती इथे जशीच्या तशी उचलणे अडचणीचे ठरते.

या यादीतला सर्वांत मोहात पाडणारा पक्षी आपल्या सह्याद्रीतलाच आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मेणाचा थेंब गोठावा तसे पांढरट-पिवळे, कडक ठिपके असतात आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या माश्यांच्या बाजूला ‘डोळा’ म्हणून ही पिसे बसवण्याची मोठी प्रथा होती. आपल्या रानातला पक्षी स्कॉटलंडच्या नद्यांवर या वाटेने पोहोचला. आता तो संरक्षित आहे आणि तसाच राहावा. या पिसांचे वेड कुठवर जाते याचे उदाहरण म्हणजे २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, तीही जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणाऱ्यांच्या बाजारासाठी. साध्या माशीने जास्त मासे मिळतात हे अशा वेळी कोणालाच आठवत नाही.

मोर हा अपवाद आहे, पण मर्यादित. मोर स्वतः कडक संरक्षणाखाली असला तरी त्याच्या आपोआप गळलेल्या पिसाऱ्याला देशांतर्गत वापरासाठी कायद्यात सूट आहे. देशाबाहेर नेण्याला नाही. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या भावाला किंवा मुलीला पिसाऱ्याची जुडी बॅगेत घालून देऊ नये. पावसाळा सरत आला की मोर पिसारा टाकतात आणि शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली किंवा अशाच गावांच्या शेतांत ही पिसे सहज मिळतात. पिसाच्या देठाचे टोक गुळगुळीत आणि बंद असेल तर ते गळलेले आहे. देठाला रक्ताचा किंवा मांसाचा अंश असेल तर ते उपटलेले आहे आणि तसे पीस विकतही घेऊ नये.

उरलेला सगळा माल पाळीव जनावरांचा आणि झाडांचा आहे, आणि तो पुरेसा आहे.

प्रत्येक साहित्याचा स्वभाव

कोंबड्याच्या मानेची पिसे लांब, अरुंद आणि ताठ असतात. त्यांच्या तंतूंमध्ये पाणी धरून ठेवणारा मऊ पडदा कमी असतो, म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला तीच लागतात. कोंबडीची पिसे रुंद, मऊ आणि पाणी शोषणारी असतात; ती बुडणाऱ्या माशीसाठी. दुकानातल्या ब्रॉयलर कोंबडीचा इथे काहीही उपयोग नाही, कारण ती साधारण सहा आठवड्यांतच कापली जाते आणि तोवर तिची पिसे पुरी वाढलेली नसतात. आठवडी बाजारात गावठी कोंबडा कापून देणाऱ्याला सांगून वर्ष-दीड वर्षाच्या कोंबड्याची मान मागून घ्यावी. तो बहुधा ती फेकूनच देणार असतो. कडकनाथचे पीस काळे आणि हिरवट झाक मारणारे असते व त्याला रंगवावे लागत नाही.

बदक हा या कामातला दुर्लक्षित पक्षी आहे. त्याच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, तेलाची ग्रंथी असते आणि बदक चोचीने तेच तेल अंगभर लावत असते. त्या ग्रंथीभोवतालची बोटाच्या पेराएवढी, धुरकट, विस्कटलेली पिसे पाण्यावर बुचासारखी तरंगतात. त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकून राहते. एका बदकाकडून अशी मोजकीच पिसे मिळतात, म्हणून ती वेगळ्या डबीत ठेवावीत.

लोकरीसाठी दख्खनी मेंढीसारखी सोय नाही. तिची काळी, जाडीभरडी लोकर घोंगडीला वापरतात आणि न धुतलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगाचा स्निग्ध अंश शिल्लक असतो. तरंगती माशी हवी असेल तर ही लोकर फक्त झटकून घ्यावी, आणि बुडणारी हवी असेल तर साबणाने धुऊन घ्यावी. जुन्या घोंगडीचा फाटका कोपरा मिळाला तर आयुष्यभर पुरेल इतका माल त्यात असतो. बोकडाच्या पाठीवरचे लांब केस खाडीतल्या मोठ्या माश्यांसाठी उपयोगी पडतात.

झाडांकडून मिळणाऱ्या साहित्यात काटेसावर मला सर्वांत प्रिय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबडी फुले येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत बोंडे उकलून पांढरा, रेशमी कापूस वाऱ्यावर सुटतो. या कापसाचे तंतू आतून पोकळ असतात, म्हणून ते सहज बुडत नाहीत. याच गुणामुळे तिच्या नात्यातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस पूर्वी समुद्रातल्या जीवरक्षक जाकिटांत भरत असत. दोष एकच की हा तंतू इतका गुळगुळीत असतो की एकट्याने वळला जात नाही. त्याला लोकरीची सोबत द्यावी लागते. रुईच्या बोंडातला म्हातारीचा कापूसही याच स्वभावाचा आहे, मात्र रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून बोंड पूर्ण वाळल्यावरच हाताळावे.

डोळ्यांसाठी गुंजा वापरण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, कारण तांबड्या बीवरचा काळा ठिपका खरोखरच डोळ्यासारखा दिसतो. ती कल्पना सोडून द्यावी. गुंजेच्या आतला भाग जहाल विषारी असतो आणि तिला भोक पाडताना उडणारी पूड नाकातोंडात जाऊ शकते.

धुणे, वाळवणे आणि कसरीपासून वाचवणे

या पायरीवर आळस केला तर काय होते ते मी अनुभवले आहे. एका उन्हाळ्यात जमवलेल्या चार उत्तम माना मी तशाच मिठाईच्या खोक्यात ठेवल्या होत्या. श्रावणात खोके उघडले तेव्हा पिसांच्या जागी नुसते कणे आणि तळाला तपकिरी भुगा होता. कसरीच्या अळ्यांनी तंतू न् तंतू खाल्ला होता आणि शेजारच्या कपाटातल्या शालीलाही दोन भोके पाडली होती, ज्याचे उत्तर मला वेगळे द्यावे लागले.

मान ताजी असेल तर कातडे सोलून आतली चरबी बोथट सुरीने पूर्ण खरवडून काढावी. मीठ आणि टाकणखार समप्रमाणात चोळून ते पुठ्ठ्यावर ताणून टाचण्यांनी बसवावे व सावलीत आठवडाभर वाळू द्यावे. उन्हात कातडे आक्रसते आणि पिसे ठिसूळ होतात. सुटी पिसे कोमट पाण्यात शाम्पूचे चार थेंब घालून धुवावीत, वर्तमानपत्रावर पसरावीत आणि अर्धवट ओली असताना तळहातांमध्ये हलकेच फुलवावीत. बदकाच्या तेलकट पिसांना मात्र साबण लावू नये, कारण त्यांचे सगळे मोल त्या तेलातच आहे.

वाळलेले साहित्य हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये एक आठवडा ठेवावे, दोन दिवस बाहेर काढावे आणि पुन्हा आठवडाभर आत ठेवावे. पहिल्या थंडीत अळ्या मरतात. मधल्या दिवसांत उरलेली अंडी उबली तर दुसरी थंडी त्यांना गाठते. कापूर आणि कडुनिंबाचा पाला कसरीला लांब ठेवतो, पण आत शिरलेल्या अळीला मारत नाही, त्यामुळे फ्रीजरला पर्याय म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

आणखी एक काळजी. मेलेल्या स्थितीत सापडलेल्या कोंबडीची किंवा कोणत्याही पक्ष्याची पिसे घेऊ नयेत. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. तेव्हापासून कुक्कुटपालक जितकी खबरदारी घेतात तितकी आपणही घ्यावी आणि कच्ची पिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

रंग देण्याची गरज क्वचितच पडते. पांढऱ्या पिसांना शेवाळी छटा हवी असेल तर मूठभर कांद्याच्या साली अर्धा तास उकळून ते पाणी गाळावे, चिमूटभर तुरटी घालावी, पाणी हाताला सोसेल इतके निवले की ओली पिसे त्यात सोडावीत. यातून पिवळसर तपकिरी रंग येतो. त्याच पाण्यात दोन गंजके खिळे टाकले तर तो शेवाळाकडे झुकतो. नदीतल्या बहुतेक किड्यांचा रंग याच पट्ट्यात असतो.

हत्यारे, धागा, मेण आणि लाख

गळ धरायला सोनाराचा हातव्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणारे छोटे हत्यार, उत्तम, आणि तो टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळला की दोन्ही हात मोकळे राहतात. बारीक टोकाची कात्री, एक चिमटा, एक दाभण आणि धाग्याचे रीळ लोंबते राहावे म्हणून त्याला अडकवलेला कपड्याचा चिमटा, एवढ्यावर काम भागते.

गळांचे आकडे उलटे चालतात, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे: १४ क्रमांकाचा गळ १० क्रमांकापेक्षा लहान असतो. शिकताना १० किंवा १२ क्रमांक घ्यावा. व्हाइसमध्ये बसवण्याआधी पकडीने गळाचा आडकाटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, दाबून सपाट करावा. मासा सोडताना त्याच्या तोंडाला इजा कमी होते आणि आपल्या बोटात घुसलेला गळही सहज निघतो. दुसरा फायदा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

धागा रेशमी असावा. गडचिरोली-भंडाऱ्याकडचा तसर किंवा पैठणी विणणाऱ्याकडे उरलेले रेशमाचे तुकडे मिळाले तर उत्तमच, नाहीतर भरतकामाच्या रेशमी लडीतून एक पदर सोडवून घ्यावा. रेशीम ओले झाले की गडद होते. पिवळा धागा मेण लावून भिजवला की तो पिवळा न राहता फिकट शेवाळी होतो, म्हणून रंग निवडताना धाग्याचा तुकडा जिभेवर ओला करून पाहावा.

धाग्याला चिकटपणा येण्यासाठी मी दोन भाग मधमाश्यांचे मेण आणि एक भाग राळ वापरतो, व त्यात एरंडेलाचे तीन-चार थेंब घालतो. हे मिश्रण थेट आचेवर कधीही वितळवू नये, कारण राळ पटकन पेट घेते. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरी वाटी ठेवून तिच्यात वितळवावे आणि बिस्किटाच्या कागदात ओतून गोळी करावी. शेवटच्या गाठीवर लावायला चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून ठेवावी. सुतार लाकडाला पॉलिश करतो तेच हे द्रावण आहे.

पहिली माशी : मोरपीस आणि कोंबडी

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वेगवान नद्यांवर अशा मऊ पिसांच्या माश्यांची जुनी परंपरा आहे. ही माशी कोणत्याही एका किड्याची नक्कल नाही. भुंगा, पाण्यातली अळी, बुडालेला मुंगळा यांपैकी माशाला जे वाटेल ते ती असते. शिकायला हीच घ्यावी, कारण यात सगळ्या मूळ क्रिया येतात आणि चूक झाली तरी ती मासे पकडते.

१२ क्रमांकाचा गळ दांडी आडवी राहील असा बसवावा. धाग्याला मेणाची गोळी एकदा फिरवून घ्यावी. नेढ्याच्या, म्हणजे गळाला दोरी ओवायच्या भोकाच्या, मागे नेढ्याच्या दीडपट जागा सोडून धाग्याचे टोक दांडीवर धरावे आणि त्याच्यावरूनच पाच-सहा वेढे मागे न्यावेत, म्हणजे धागा स्वतःखालीच अडकतो. उरलेले टोक कापून, वेढ्याशेजारी वेढा लावत, आडकाट्याच्या बरोबर वर येईपर्यंत मागे जावे. वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत.

मोरपिसाच्या डोळ्याच्या लगेच खालचे तंतू सर्वांत दाट आणि लवदार असतात. त्यांतले तीन किंवा चार एकत्र घ्यावेत. त्यांची टोके ठिसूळ असतात, म्हणून दीड-दोन सेंटीमीटर कापून टाकावीत आणि कापलेल्या बाजूनेच ते तंतू दांडीवर बांधावेत. आता इथे खरी काळजी हवी. मोरपिसाचा तंतू नुसता गुंडाळला तर पहिल्याच माशाच्या दातांनी तुटतो आणि सगळे अंग उलगडते. म्हणून तंतू आणि धागा एकत्र धरून, समईची वात वळतो तसा, बोटांत आठ-दहा पीळ द्यावेत आणि तो हिरवा-तांबूस दोर पुढे गुंडाळत आणावा. मध्येच पीळ सुटू लागला की पुन्हा द्यावा. प्रकाशाकडे धरून पाहिले तर लवेमधून धागा जागोजागी दिसतो. तोच या अंगाचा कणा आहे. नेढ्याच्या मागे दोन नेढी मावतील इतकी जागा उरली की थांबावे आणि तिढा सोडून धाग्याचे तीन घट्ट वेढे द्यावेत.

ही उरलेली जागा खाऊन टाकणे ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस माश्यांपैकी बहुतेकींची डोकी नेढ्यावर चढलेली होती. नदीवर दोरी ओवताना नेढेच सापडेना, आणि दाभणाने ते मोकळे करायला गेलो की गाठ सुटून सगळी माशी हातात यायची.

आता कोंबडीचे काळे किंवा तपकिरी पीस घ्यावे. तंतूंची लांबी तपासण्यासाठी पीस गळाशेजारी वाकवून धरावे. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोहोचले पाहिजेत, फार पुढे नकोत. देठाकडचा फुलोरा ओरबाडून टाकावा. टोकाचा छोटा त्रिकोण चिमटीत धरून बाकीचे तंतू ओल्या बोटांनी उलट्या दिशेला चोळावेत, म्हणजे ते कण्याशी काटकोनात उभे राहतात. त्या त्रिकोणाच्या बाजूने पीस बांधावे आणि चिमट्याने देठ धरून दोनच वेढे द्यावेत. तिसरा वेढा देण्याचा मोह होतो. तो दिला की माशी पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलत नाही, छत्रीसारखी उघडून बसते. देठ धाग्याने बांधून कापावा, सगळे तंतू बोटांनी मागे धरावेत आणि त्यांच्या मुळाशी दोन वेढे द्यावेत, म्हणजे झालर मागे झुकलेली राहते.

शेवटची गाठ हाताने घालण्याची सोपी रीत अशी. वेगळ्या धाग्याचा दुहेरी फासा करून तो डोक्यावर, फाशाचे तोंड नेढ्याच्या बाहेर येईल असा, आडवा ठेवावा. त्याच्यावरून मुख्य धाग्याचे सहा घट्ट वेढे द्यावेत. मग मुख्य धागा कापून त्याचे टोक फाशातून ओवावे आणि फाशाची मागची टोके ओढावीत. मुख्य धागा स्वतःच्याच वेढ्यांखालून मागे ओढला जातो आणि तिथेच आवळतो. दाभणाच्या टोकाने लाखेचा एक थेंब, तो सुकल्यावर दुसरा. नेढ्यात लाख शिरली तर पिसाचा कणा त्यातून ओढून घ्यावा.

बांधून झालेली माशी पेल्यात टाकावी. ती आधी हवेचे बुडबुडे सोडेल, मग हळूहळू बुडेल आणि पेला फिरवला की तंतू आत मिटून पुन्हा उघडतील. हे दिसले तर माशी जमली.

मोरपिसाचे आणखी एक रूप इथेच सांगतो. डोळ्याच्या भागातला एक तंतू टेबलावर ठेवून टोकाकडून मुळाकडे खोडरबराने घासला की त्याची लव निघून जाते आणि खाली अर्धी फिकट, अर्धी गडद अशी चपटी काडी उरते. ती पाण्यात भिजवून गळावर शेजारी शेजारी गुंडाळली की किड्याच्या पोटावर असतात तशा वळ्या तयार होतात. मोराने आपल्यासाठी हे आधीच रंगवून ठेवले आहे, असे वाटावे इतके ते नेमके असते.

दुसरी माशी : पहिल्या पावसातली वाळवी

पहिला दमदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी वारुळांतून पंखवाली वाळवी उठते, दिव्यांवर झडते आणि पाण्यावरही पडते. त्या तासाभरात तलावातले लहान-मोठे मासे वर येऊन अक्षरशः मिटक्या मारतात. त्या वेळी चालते ती तरंगणारी, तपकिरी, लांब पंखांची माशी.

१४ क्रमांकाचा हलका गळ घ्यावा. काटेसावरीचा कापूस आणि तपकिरी लोकर निम्मी-निम्मी घेऊन दोन बोटांत वारंवार विंचरून एकजीव करावी. धाग्यावर मेण जरा जास्त लावावे आणि मिश्रणाची इतकी विरळ चिमूट घ्यावी की ती पुरेशी नाही असे वाटावे; मग तिच्यातलीही अर्धी परत ठेवावी. धाग्यावर ती एकाच दिशेने वळावी, उलटसुलट चोळू नये. अशा पेळूने मागून पुढे सडपातळ अंग गुंडाळावे आणि दांडीचा पुढचा तिसरा हिस्सा मोकळा सोडावा.

खऱ्या वाळवीचे पंख अंगापेक्षा बरेच लांब आणि पाठीवर चपटे पडलेले असतात. त्यासाठी बदकाच्या ग्रंथीभोवतालची दोन पिसे एकावर एक ठेवून, अंगाच्या दीडपट लांब राहतील अशी, पाठीवर बांधावीत. पंखांच्या मुळाशी कोंबड्याच्या तपकिरी पिसाचे तीन वेढे द्यावेत आणि गाठ घातल्यावर झालरीचे खालचे तंतू कात्रीने सपाट कापावेत, म्हणजे माशी पाण्यावर उंच उभी न राहता पोटावर बसेल. मासा निघाल्यावर माशी चिकट होते. ती स्वच्छ पाण्यात खंगाळून कापडात दाबावी, फुंकर मारावी आणि हवेत दोन-तीन वेळा झटकावी. तिच्यावर तूप-तेल लावू नये, तंतू एकमेकांना चिकटतात.

तिसरी : खाडीसाठी बोकडाचे केस

जिताडा आणि तांबोशी हे खाडीतले मासे लहान माशांचा पाठलाग करतात, म्हणून त्यांच्यासाठी माशी म्हणण्यापेक्षा मासाच बांधावा लागतो. इथे गळ न गंजणाऱ्या पोलादाचा आणि १/० सारखा मोठा घ्यावा. बोकडाचे केस कापल्यावर मुळाशी असलेली मऊ लव जुन्या फणीने पूर्ण विंचरून काढावी, कारण ती राहिली तर केसांचा बोळा होतो. दांडीच्या खालच्या बाजूला पांढरे आणि वरच्या बाजूला तपकिरी केस, गळाच्या अडीचपट लांब, बांधावेत. टोके कात्रीने सरळ कापू नयेत, नैसर्गिक उतरती ठेवावीत. जुडी आगकाडीपेक्षा जाड नको. बुडण्यासाठी केसांच्या आधी दांडीवर तांब्याच्या बारीक तारेचे दहा-बारा वेढे द्यावेत.

कुठे आणि कशावर

सरावासाठी चिलापीसारखा मासा नाही. ती बहुतेक धरणांत आहे, आकाराने बेताची असते, आणि मोरपिसाची माशी काठाजवळ हळू ओढली तर हमखास विचारते. फ्लायरॉड, म्हणजे नकली माशी फेकण्याची खास लवचिक काठी, नसेल तर लवचिक बांबूच्या काठीला तिच्याइतकीच लांब दोरी बांधूनही ही माशी चालवता येते. अनेक जलाशयांतील मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. काठावर बसण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.

महसीर हे या छंदातले मोठे आकर्षण. दख्खनच्या महसीरला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून दिले, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात कित्येक दशके त्याची पिल्ले वाढवून जलाशयांत सोडली जात आहेत. हा मासा किडे खातो तसाच पाण्यात पडलेली उंबरेही खातो, त्यामुळे जाड गळावर तांबूस लोकरीचा गच्च गोळा बांधून कात्रीने उंबराएवढा गोल केला की त्याच्यासाठी ‘फळाची माशी’ तयार होते. मिळालेला महसीर पाण्यातच ठेवून सोडून द्यावा, आणि महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांत, जिथे हे मासे राखलेले आहेत, गळ टाकूच नये.

घरी आल्यावर वापरलेल्या माश्या डबीत लगेच बंद करू नयेत. खाडीत वापरलेल्या माश्या गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि सगळ्याच रात्रभर वर्तमानपत्रावर उघड्या ठेवाव्यात. ओली माशी बंद डबीत राहिली तर दोन दिवसांत साधा गळ गंजतो आणि तो गंज शेजारच्या पांढऱ्या केसांत उतरतो. तो मग कशानेही निघत नाही.